दुरुस्त केलेले घर विकावे कसे?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजचा विषय प्रथमदर्शनी रूक्ष वाटण्याचा संभव आहे. ज्ञातीच्या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक व्हावे, वडीलधाऱ्यांचा सत्कार व्हावा, हे योग्यच होय. परंतु घरविक्रीसारखा बाजारी विषय येथे कशास, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास मी त्यास दोष देणार नाही. तथापि आपल्यापैकी अनेक कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी आज घरात गुंतलेली आहे. सेवानिवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून एखादी जुनी सदनिका घ्यावी, ती नीटनेटकी करावी आणि चार पैसे मिळवून विकावी, असा विचार करणारी मंडळी आपल्यात दरवर्षी वाढत आहेत. घर घेताना ही मंडळी दहा जणांचा सल्ला घेतात. दुरुस्ती करताना गवंड्याच्या डोक्यावर उभी राहतात. मात्र विकण्याची वेळ आली की जो पहिला दलाल वा पहिला आप्त दारात येईल, त्याच्या हाती सारा व्यवहार सोपवून मोकळी होतात. जेथे नफा वा तोटा ठरतो, तेथेच विचार थांबतो. म्हणून या विषयाची निवड केली आहे.

घर आणि ज्ञाती यांचा संबंध आपल्या प्रांतात जुना आहे. १९१५ साली मुंबईस गावदेवी येथे सारस्वत मंडळींनी सहकारी गृहसंस्था स्थापिली आणि रावबहादुर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी सहकाराच्या तत्त्वावर मध्यमवर्गीयांस घर मिळू शकते, हे दाखवून दिले. त्या काळी प्रश्न निवाऱ्याचा होता. घर राहण्यासाठी घ्यावयाचे, विकण्यासाठी नव्हे, ही तेव्हाची समजूत. आज राहते घर निराळे आणि गुंतवणुकीचे घर निराळे, असा भेद झाला आहे. राहत्या घराविषयीच्या भावना गुंतवणुकीच्या घरास लावल्या, म्हणजे हिशेब चुकतो. आणि गुंतवणुकीच्या घराचा व्यवहार केवळ नफ्याच्या दृष्टीने केला, म्हणजे माणुसकी चुकण्याचा संभव असतो. या दोन्ही टोकांपासून आपणांस सावध राहावयाचे आहे.

पहिली गोष्ट ही की, घर कोणत्या मार्गाने आणि कोणास विकावयाचे, याचा निर्णय दुरुस्तीचा पहिला घाव घालण्यापूर्वी व्हावा. पुष्कळ लोक आधी आपल्या आवडीप्रमाणे घर सजवितात आणि मग त्यास साजेसे गिऱ्हाईक शोधू लागतात. हा क्रम उलटा आहे. चाळीस वर्षांच्या इमारतीतील दोन शयनगृहांची सदनिका घेणारे कुटुंब बहुधा पहिले घर घेणारे, नोकरी करणारे आणि बँकेच्या कर्जावर अवलंबून असलेले असते. त्यास संगमरवरी फरशीपेक्षा न गळणारे न्हाणीघर, नवी वीजजोडणी, पाण्याचा चांगला दाब आणि ओल न धरणारी भिंत यांची अधिक किंमत वाटते. शिवाय त्यास कर्ज देणारी बँक भिंतीचा रंग पाहत नाही. ती कागद पाहते. इमारतीची संरचनात्मक तपासणी झाली आहे काय, हा प्रश्न ती विचारते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची अशी तपासणी ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांहून जुन्या इमारतीची ३ वर्षांतून एकदा करावी, असे सांगितले आहे. हा अहवाल संस्थेच्या दप्तरी नसेल, तर तो करवून घेण्याचा आग्रह धरणे, ही तुमच्या घराची पहिली दुरुस्ती समजावी.

आता थोडा हिशेब करू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. पुणे शहरात एक जुनी सदनिका ६० लक्ष रुपयांस घेतली असे समजू. मुद्रांक शुल्क ७ टक्के धरता ४ लक्ष २० हजार झाले. नोंदणी शुल्क ३० हजार. दुरुस्ती ९ लक्ष. पैकी ४० लक्ष रुपये सालीना ९ टक्के व्याजाने काढलेले असतील, तर दरमहा ३० हजार रुपये व्याज झाले. संस्थेची वर्गणी, वीज इत्यादी दरमहा ४ हजार धरू. खरेदीपासून विक्रीपर्यंत ८ महिने लागले, तर व्याज आणि वर्गणी मिळून २ लक्ष ७२ हजार होतात. एकूण खर्च ७६ लक्ष २२ हजार. घर ८५ लक्षांस विकले आणि दलालास १ टक्का म्हणजे ८५ हजार दिले, तर आयकरापूर्वी हाती उरतात ७ लक्ष ९३ हजार. ‘साठाचे पंच्याऐंशी झाले’ म्हणून जो मनुष्य पंचवीस लक्षांचे मांडे मनात खात होता, त्याच्या पानात प्रत्यक्षात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी पडते.

या हिशेबातून एक उपयुक्त मोजपट्टी हाती येते. घर रिकामे राहिल्यास दरमहा ३४ हजार रुपये खर्ची पडतात. अर्थात दलालाचे ८५ हजार म्हणजे सुमारे अडीच महिन्यांचे थांबणे होय. दलालामुळे घर अडीच महिन्यांहून अधिक लवकर विकले जात असेल, किंवा तितक्या रकमेहून अधिक भाव मिळत असेल, तर त्याची दलाली सार्थकी लागली, नाहीतर नाही. ‘दलाल लुटतात’ आणि ‘दलालावाचून चालत नाही’ ही दोन्ही वाक्ये हिशेबावाचून बोलली जातात. आपापल्या घराचा आकडा काढावा आणि मग बोलावे.

विक्रीचे मार्ग मुख्यतः चार आहेत. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला मार्ग स्वतः विकण्याचा. दारावर पाटी लावावी, वर्तमानपत्रात छोटी जाहिरात द्यावी, महाजालावरील घरविक्रीच्या संकेतस्थळांवर छायाचित्रे घालावीत आणि येणाऱ्यास स्वतः घर दाखवावे. येथे दलाली वाचते, परंतु वेळ आणि स्वभाव यांची किंमत द्यावी लागते. दूरध्वनी दिवसभर घ्यावा लागतो, वीस जणांस घर दाखवावे लागते, आणि त्यांतील अठरा जण पुन्हा दिसत नाहीत, याचा राग मानून चालत नाही. ज्यास हे जमते, ज्याचे घर त्याच गावात आहे आणि ज्याच्या इमारतीत अलीकडे तशाच सदनिका विकल्या गेल्या असल्यामुळे भाव ठाऊक आहे, त्याने हा मार्ग अवश्य धरावा. भाव जाणण्यासाठी शेजाऱ्याच्या बोलण्यावर विसंबू नये. नोंदणी झालेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन शासनाच्या नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. तेथे शेजारच्या घराची नोंदलेली किंमत दिसते. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांतील अंतर तेथे उघड होते.

दुसरा मार्ग दलालाचा. येथे बहुतेक लोक एकच घर पाच दलालांस तोंडी सांगून ठेवतात. परिणाम असा होतो की, तेच घर पाच ठिकाणी पाच किमतींनी झळकू लागते, आणि गिऱ्हाईक सर्वांत कमी किंमत धरून बसते. त्यापेक्षा एका जाणत्या दलालाशी दोन वा तीन महिन्यांच्या मुदतीचा लेखी करार करणे श्रेयस्कर. मुदत, दलालीचा दर, जाहिरातीचा खर्च कोणी सोसावयाचा, आणि मालकाने स्वतः आणलेल्या गिऱ्हाइकावर दलाली द्यावयाची की नाही, या चार गोष्टी त्यात स्पष्ट असाव्यात. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमान्वये नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्री करणाऱ्या दलालास नोंदणी आवश्यक आहे, आणि महाराष्ट्रात २०२३ पासून महारेराने दलालांस प्रशिक्षण व परीक्षाही लावली आहे. जुन्या घराच्या पुनर्विक्रीस तशी सक्ती नसली, तरी नोंदणी असलेला दलाल निवडणे इष्ट होय.

दलालाच्या स्वार्थाचेही गणित ध्यानात असू द्यावे. भाव एक लक्षाने वाढला तर मालकास एक लक्ष मिळतो, दलालास केवळ एक हजार. त्या एक हजारासाठी तो आणखी महिनाभर थांबेल, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. तो वाईट मनुष्य असतो असे नव्हे. व्यवहार लवकर पुरा व्हावा, यातच त्याचे हित असते. म्हणून ज्या किमतीखाली घर द्यावयाचे नाही, ती मालकाने स्वतः आधी ठरवून कागदावर लिहून ठेवावी आणि ती दलालास सांगू नये.

तिसरा मार्ग मोहरबंद देकारांचा. घर ठराविक दोन-तीन आठवडे सर्वांस पाहावयास उघडे ठेवावे, कागदपत्रांच्या प्रती इच्छुकांस द्याव्यात, आणि अमुक तारखेपर्यंत बंद लिफाफ्यात देकार मागवावेत. आपल्या ज्ञातीच्या न्यासांस ही पद्धती अपरिचित नाही. १९५० च्या सार्वजनिक न्यास अधिनियमान्वये न्यासाची स्थावर मिळकत विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि अशा विक्रीत जाहीर सूचना देऊन देकार मागविण्याची रीत रूढ आहे. विश्वस्ताने दाराआड सौदा करू नये, हा त्यामागील हेतू होय. खाजगी मालकावर असे बंधन नाही. परंतु जुना बंगला, कोपऱ्यावरील जागा वा वाडा, ज्याच्या जोडीस दुसरी मिळकत नाही, अशा घराचा भाव सांगावयास कोणीच समर्थ नसतो. तेथे भाव गिऱ्हाइकांच्या परस्पर स्पर्धेतूनच कळतो. एकाच इमारतीतील वीस सारख्या सदनिकांपैकी एकीसाठी मात्र हा खटाटोप व्यर्थ होय.

चौथा मार्ग आपल्याच वर्तुळातील विक्रीचा. आणि आपल्या मंडळाच्या दृष्टीने हाच सर्वांत विचारणीय आहे.

‘घरातल्या घरात व्यवहार झाला’ असे आपण मोठ्या समाधानाने म्हणतो. दलाली वाचली, अनोळखी मनुष्याची धास्ती गेली, हे त्याचे लाभ खरेच आहेत. परंतु भीड ही भिकेची बहीण आहे, हे आपल्या पूर्वजांनी उगाच म्हटलेले नाही. घेणारा म्हणतो, ‘आपलाच मनुष्य आहे, दोन लक्ष कमी करील’. देणारा म्हणतो, ‘आपलाच मनुष्य आहे, न्हाणीघराच्या गळतीची चर्चा करणार नाही’. दोघेही मनातील गोष्ट ओठांवर आणीत नाहीत. इसार तोंडी ठरतो, मुदत तोंडी वाढते, आणि मग पहिल्या पावसाळ्यात छत गळू लागले की, जे भांडण न्यायालयात व्हावयास हवे ते मुंजीच्या मांडवात होते. परक्याशी झालेल्या सौद्यात पैसा बुडू शकतो. आपल्या माणसाशी झालेल्या आंधळ्या सौद्यात पैसा आणि मनुष्य दोन्ही जातात.

यावर उपाय कठीण नाही. ज्ञातिबांधवांस घर विकू नये, असे मी म्हणत नाही. त्यांस खबर जरूर द्यावी, परंतु ज्या दिवशी जगास द्यावयाची त्याच दिवशी; भाव तोच सांगावा, कागद तेच दाखवावेत, करार तसाच लेखी करावा. एखाद्या गरजू कुटुंबास सवलत द्यावयाची मनापासून इच्छा असेल, तर बाजारभाव आधी निश्चित करून ‘यातून इतके रुपये मी सोडीत आहे’ असे उघड म्हणून द्यावी. आकडा ठाऊक असलेले दान हे दान होय. आकडा ठाऊक नसताना जे जाते ते नुकसान होय.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट सांगणे कर्तव्य समजतो. गिऱ्हाइकाचे आडनाव, धर्म वा आहार विचारून त्यास दारातूनच परत पाठविण्याची प्रथा आपल्या शहरांतून चालू आहे. २००५ साली पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, एका समाजापुरते सभासदत्व मर्यादित करणारा सहकारी संस्थेचा उपविधी वैध मानला, याचा दाखला पुष्कळ जण देतात. परंतु तो निर्णय संस्थेच्या उपविधीविषयीचा आहे. ज्या घरमालकावर असा उपविधी नाही, त्यास तो निर्णय माणूस नाकारण्याचा आदेश देत नाही. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी दहा गिऱ्हाइकांपैकी सहा जणांस आपणच घालवून दिले, तर उरलेल्या चौघांत स्पर्धा ती किती होणार? आणि न्यायाच्या दृष्टीने पाहिले, तर आपल्या वडिलांस परक्या शहरात जागा शोधताना आलेले अनुभव ज्या कुटुंबांत सांगितले जातात, त्यांनी दुसऱ्यास तोच अनुभव द्यावा, हे शोभत नाही.

मार्ग कोणताही असो, जाहिरातीत काय सांगावयाचे, हा प्रश्न उरतोच. रंगरंगोटीने घर उजळते, त्याबरोबर घराचे दोषही झाकता येतात. नूतनीकरण केलेल्या घराविषयी गिऱ्हाइकास शंका येते ती यामुळेच. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमान्वये, विक्रेत्यास ठाऊक असलेला आणि घेणाऱ्यास सामान्य दक्षतेने न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. मग तो दोष इमारतीचा असो वा मालकी हक्काचा. भिंतीतील ओल गिलाव्याखाली दडविली, तर कायद्याने आपण अडकतोच. पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुराने काय केले, हे येथील अनेक कुटुंबांच्या स्मरणात आहे. आज नदीस निळी आणि लाल अशा पूररेषा आखलेल्या असतात. निळी साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपले घर या रेषांच्या आत असेल, तर ते सांगून विकावे. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण इतरत्र खरी असेल. घराच्या बाजारात झाकलेल्या मुठीस गिऱ्हाईक कमीच भाव देते, कारण आत काय असेल याची भीती ते किमतीतून वजा करते. दुरुस्तीपूर्वीची व नंतरची छायाचित्रे, नळकाम व वीजकामाची बिले, मिळकत पत्रिका, मागील खरेदीखतांची साखळी, संस्थेचा थकबाकी नसल्याचा दाखला, एवढे एका धारिकेत लावून गिऱ्हाइकाच्या हाती दिले, तर त्याहून उत्तम जाहिरात नाही. ही धारिका असलेल्या घरावर बँकेचे कर्ज लवकर मंजूर होते, आणि कर्ज लवकर म्हणजे विक्री लवकर, हे वरील ३४ हजारांच्या हिशेबात पाहावे.

पैसा घेताना तो संपूर्ण बँकेमार्फत घ्यावा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास २०१५ पासून मनाई आहे, आणि तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो. किंमत ५० लक्ष वा अधिक असेल, तर घेणाऱ्याने १ टक्का आयकर कापून भरावयाचा असतो. ही कपात पाहून विक्रेत्याने चकित होऊ नये. शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यापेक्षा कमी किंमत दाखविली, तर मुद्रांक शुल्क तक्त्याप्रमाणेच लागते, आणि १० टक्क्यांहून अधिक फरक असल्यास विक्रेत्याचा आयकरही त्याच मूल्यावर मोजला जातो. घर २४ महिन्यांच्या आत विकले, तर नफा अल्पकालीन ठरून नेहमीच्या दराने कर बसतो. त्यानंतर विकल्यास २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घराबाबत निवासी व्यक्तीस महागाईचा निर्देशांक लावून २० टक्क्यांच्या हिशेबाचीही मुभा आहे. मात्र अशी घरे वारंवार घेऊन विकणाऱ्याचा तो व्यवसायच मानला जाऊ शकतो, आणि मग हे नियम बदलतात; त्यासाठी जाणकाराचा सल्ला घ्यावा. घरात केलेल्या भांडवली सुधारणांचा खर्च नफ्यातून वजा मिळतो, पण तो बिले असतील तरच. बिलावाचून काम करून घेऊन गवंड्याकडे वाचविलेले पैसे पुढे करात जातात.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. आतापर्यंत विक्रीविषयी बोललो. परंतु प्रत्येक गुंतवणुकीच्या घराचा एक पहिला विक्रेता असतो. तो कोण असतो? पुष्कळदा ज्ञातीतीलच एखादी एकाकी वृद्धा, किंवा वडिलांमागे परदेशी राहणारी मुले, ज्यांस भाव ठाऊक नसतो आणि कागदांचा कंटाळा असतो. ‘काकू, तुम्हाला कशास यातायात? मी घेतो,’ असे म्हणून साठ लक्षांस घेतलेले घर खरोखर बहात्तर लक्षांचे असेल, तर नंतरचा नफा फरशी आणि रंग यांतून आलेला नसतो; तो त्या वृद्धेच्या अज्ञानातून आलेला असतो. आपल्या वहीत नफ्याचे दोन रकाने करावेत. दुरुस्तीने, श्रमाने, वाट पाहिल्याने जे मिळाले ते एकीकडे. समोरच्यास ठाऊक नव्हते म्हणून जे मिळाले ते दुसरीकडे. पहिल्या रकान्यावर अभिमान बाळगावा. दुसरा रकाना कायद्यात बसत असला, तरी ज्या मंडळाचे आपण सभासद म्हणवितो, त्याच्या नावास तो बट्टा लावतो.

म्हणून मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. मंडळाने एक घर-नोंदवही ठेवावी. घर विकू इच्छिणाऱ्या कोणाही सभासदास, विशेषतः वृद्ध व एकाकी सभासदांस, तीन गोष्टींत साहाय्य करावे: परिसरातील अलीकडील नोंदलेले भाव काढून द्यावेत, कागदांची धारिका लावून द्यावी, आणि घराची माहिती सर्वांस, ज्ञातीत व ज्ञातीबाहेर, एकाच दिवशी जाहीर करावी. मंडळाने दलाली घेऊ नये, भाव ठरवू नये, मध्यस्थीही करू नये. आपल्यांत वकील आहेत, हिशेबनीस आहेत, स्थापत्य अभियंते आहेत. प्रत्येकाने महिन्यातून एक सायंकाळ दिली, तर हे काम होण्यासारखे आहे. १९१५ साली मुंबईत ज्ञातीच्या बळावर घर मिळविण्याची सोय झाली. आज घर विकताना कोणी फसू नये आणि कोणास फसवू नये, एवढी सोय आपण करू शकलो, तरी या मंडळाने काळाचे ऋण फेडले असे म्हणता येईल.